पाणबुडीच्या आधी येलदरी

मी स्कूबा डायव्हिंग शिकले ते माशांसाठी नाही, आणि साहसासाठी तर नाहीच. पाण्याखाली कुणी बोलत नाही, म्हणून शिकले. तोंडात हवेची नळी असली की समोरचा माणूस तुम्हाला गाव विचारत नाही, पगार विचारत नाही, ‘मग यंदा लाडू कधी’ असंही विचारत नाही. लग्नाच्या मांडवात कोपऱ्यातली खुर्ची शोधणाऱ्या माझ्यासारखीला समुद्राचा तळ हा एक प्रचंड मोठा कोपरा वाटला.

हे प्रवासवर्णन मात्र समुद्राचं नाही. ते माझ्याच परभणी जिल्ह्यातल्या तीन गावांचं आहे. मी इंग्रजी शाळेत शिकले, घरून शाळेत आणि शाळेतून घरी बसने गेले, आणि आता घरात बसूनच एका दूरच्या कंपनीचं काम करते. त्यामुळे अंदमानच्या पाण्यात उतरलेली मी येलदरीच्या धरणावर कधी गेले नव्हते. हे कुणाला सांगायची लाज वाटते, म्हणून लिहून टाकते.

परभणी

सगळं सुरू झालं ते एका बुडालेल्या पाणबुडीमुळे. एका परक्या देशाच्या बेटाजवळ एक जुनी लष्करी पाणबुडी आहे. ती लढाईत बुडालेली नाही. निकामी झाल्यावर माणसांना खाली जाऊन बघता यावी म्हणून मुद्दाम बुडवली आहे. तिच्या अंगाला मोठी दारं कापली आहेत. एका दारातून आत शिरायचं, टॉर्पेडोच्या नळ्यांसमोरून जायचं आणि दुसऱ्या दारातून बाहेर पडायचं. बेटाचं नाव इथे लिहीत नाही. आई आधीच रोज सकाळी तिथलं हवामान बघते, नातेवाइकांनीही बघायला नको.

ही कल्पना अनघाताईंची. त्या रत्नागिरीच्या, पुण्यात कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात आणि पाण्याखाली माझ्या जोडीदार असतात. या खेळात एकटं जायचं नाही, दोघांनी एकमेकांवर नजर ठेवायची. आणि दोघांपैकी एकाने ‘बस, वर चला’ अशी खूण केली की दोघांनी वर यायचं, कारण विचारायचं नाही. नियम सुंदर आहे. अडचण एवढीच की खूण करावी लागते.

मागच्या हिवाळ्यात आम्ही पाण्यात असताना माझ्या पोटरीत गोळा आला. अनघाताई एका ऑक्टोपसकडे इतक्या प्रेमाने बघत होत्या की मध्येच त्यांना हलवणं मला असभ्य वाटलं. त्या वळून खुणेने विचारत, ‘ठीक?’ मी दरवेळी बोटांचं वर्तुळ करून सांगे, ‘ठीक.’ वर आल्यावर मला शिडी चढता येईना, आणि नावेवरच्या दोघांनी मला ज्वारीच्या पोत्यासारखं ओढून आत घेतलं.

तेव्हापासून अनघाताईंचा माझ्या ‘ठीक’वरचा विश्वास उडाला. दिवाळीनंतर त्यांचा फोन आला.

“पूर्वा, पाणबुडीच्या जागा सोमवारी पक्क्या करायच्या आहेत. शुक्रवारी मी सामान घेऊन परभणीला येते. शनिवार-रविवार सराव करू. त्यात तू मला एकदा तरी स्वतःहून थांबवून दाखव. नाहीतर मी दुसरी जोडीदार बघते. राग मानू नकोस.”

“नाही नाही, ठीक आहे,” मी म्हणाले. म्हणजे बघा.

सरावाला मोकळं शेत आणि खोल पाणी हवं होतं. आईने ते वालूरच्या दिगंबरमामाच्या कानावर घातलं. मामाला एखादी गोष्ट सांगणं म्हणजे ती दवंडी पिटणाऱ्याला सांगणं. शुक्रवारी संध्याकाळी तो आम्हाला न्यायला स्वतः परभणीत हजर झाला आणि चहा हातात घेऊनच त्याने मुद्द्याला हात घातला.

“म्हंजी ती पाणबुडी बुडालेली हाय.”

“हो मामा.”

“मंग त्यात बघायला जायासारकं काय हाय? पाणबुडीचं कामच हाय ना बुडायचं? न बुडलेली दावली आसती तर मी पन आलो आसतो.”

अनघाताई इतक्या हसल्या की त्यांचं मामाशी तिथेच जमलं. मीही हसून घेतलं. 

पोखर्णी

येलदरी परभणीच्या उत्तरेला आहे, वालूरही त्याच बाजूला. म्हणून शनिवारी सकाळी आम्ही दक्षिणेला निघालो.

“पोखर्णीला नरसिंहाचं दर्शन घेतल्याबगर पान्यात उतरायचं न्हाई,” मामाने गाडीत बसतानाच जाहीर केलं. अनघाताईंनी नकाशा पाहिला, माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. कोकणात म्हणे असं नसतं. तिथे देवाला घरूनच हात जोडून ‘येते रे’ म्हटलं तरी चालतं. आमच्याकडे देवाची समक्ष भेट लागते, आणि तो विरुद्ध दिशेला असला तर ती जास्त लागते.

देवळात गर्दी बेताची होती. गाभाऱ्याशी वाकून जायचं. अनघाताई वाकल्या आणि तिथेच घुटमळून मागे माझ्या कानात म्हणाल्या, “पाठीवर टाकी असती तर अडकले असते बघ. पाणबुडीच्या दारात आधी टाकीचा अंदाज घ्यायचा, मग डोकं घालायचं.” मागे रांगेतल्या आजींना वाटलं, बाई मंत्र म्हणतायत. त्या आदराने थांबल्या.

घोटाळा झाला तो बाहेर. गाडीचं मागचं दार उघडून मी पाण्याची बाटली काढत होते. आत हवेचे सिलिंडर ओळीने आडवे ठेवलेले. प्रसादाची पिशवी घेतलेली एक बाई थबकली. सिलिंडर बघून तिने तोंडावर पदर घेतला.

“कोन सिरीयस हाय माय?”

कुणीच नाही, असं म्हणायला दोन शब्द लागतात. पण त्यानंतर हे सिलिंडर कशाचे, त्यातली हवा कशाची, ती कुठे न्यायची, आणि बापाला विचारलं का, हे सगळं आलं असतं. त्या लांबच लांब संभाषणाचा विचार करून मी नुसती मान खाली घातली. बाईला ते पुरेसं उत्तर वाटलं.

“घरचंच हाय का?”

मी मान डोलावली.

“नरसिंव्ह बघतो माय. रडू नको.” तिने स्वतःच्या पुडीतला अंगारा माझ्या हातावर ठेवला, आणखी दोघींना हाक मारली आणि तिघींनी मिळून माझ्या अज्ञात पेशंटसाठी हात जोडले. एवढ्यात अनघाताई आल्या. टी-शर्ट, उन्हाने रापलेला चेहरा, हातात पेढा, एकदम ठणठणीत.

“ह्या कोन?”

“त्याच,” माझ्या तोंडून निघालं.

गाडी गावाबाहेर आल्यावर अनघाताईंनी पेढा संपवला. मग म्हणाल्या, “मला काय झालंय, ते तरी सांग.”

वालूर

वालूर हे नावाला गाव, पण पसारा मोठा, बाजारपेठ भरलेली. मामाने गावात शिरताच आम्हाला जुन्या गोल बारवेशी नेलं. पायऱ्या वळत वळत खाली पाण्यापर्यंत जातात. अनघाताई काठावर उभ्या राहून पायऱ्या मोजू लागल्या. हे इतक्या जवळ असून मी पाहिलं नव्हतं. पुण्याच्या पाहुणीने “तू इथे नेहमी येत असशील ना?” असं विचारलं तेव्हा मी पायऱ्यांकडे फार लक्ष देऊन बघायला लागले.

घरी मामीने नाश्त्याला सुशीला केली होती, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांना दिलेली खमंग फोडणी. ती संपायच्या आत धपाटे आले, धपाट्यावर दही, दह्याशेजारी ठेचा. अनघाताईंनी कोकणी आत्मविश्वासाने ठेचा घेतला आणि त्यानंतर पाण्याखाली असल्यासारख्या फक्त खुणांनी बोलल्या.

दुपारी शेतात गेलो. सोयाबीन निघालं होतं, हरभरा पेरायचा होता, वावर मोकळं. अनघाताईंचा बेत असा: पाणबुडीचा आराखडा खऱ्या मापात जमिनीवर काढायचा, कापलेली दारं दाखवायची, आतून दोरी लावायची आणि डोळे बांधून दोरीच्या आधाराने फिरायचं. पाणबुडीत तळाचा गाळ उठला की काही दिसत नाही, तेव्हा परत यायला हाताशी दोरीच असते.

मामाला हे फार आवडलं. त्याने चुन्याच्या फक्कीची गोणी आणली आणि कबड्डीचं मैदान आखावं तशी पाणबुडी आखायला घेतली. नाक आलं, पोट आलं, मधला मनोरा आला. पण शेपटी येईना, कारण वावर संपलं. मामाने मागेपुढे पाहिलं नाही. तो धुरा, म्हणजे दोन वावरांमधला बांध, ओलांडून पलीकडे गेला आणि शेपटी शेजारच्या वावरात काढली.

शेजारचं वावर किसनरावांचं. मामा आणि किसनराव या धुऱ्यावरून भांडले आहेत आणि माझ्या आठवणीत एकमेकांशी बोललेले नाहीत. किसनराव त्यांच्या आखाड्यावरून, म्हणजे शेतातल्या खोपटाकडून, चालत आले. शेपटीपाशी उभे राहिले. दोघांच्या मधोमध मी होते, हातात दोरीचं रीळ घेऊन.

“पोरी,” किसनराव माझ्याकडे बघून म्हणाले, “हे माझ्या वावरात काय चाललंय, इचार त्यांला.”

मामा दोन हातांवर होता. “पूर्वा, त्यांला सांग, पाणबुडी हाय म्हनाव.”

“त्यांला म्हनाव, पाणबुडी तुमची आसंल, वावर माझं हाय.”

“त्यांला म्हनाव, फक्कीच हाय. उंद्या वाऱ्यानं जाईल. धुरा तर कुनी खाल्लेला न्हाई.”

मी आळीपाळीने दोघांकडे बघत होते. निरोप पोचवायची गरज नव्हती, तरी दोघंही तो माझ्याकडून पोचायची वाट बघत, म्हणून मी तो पोचवत गेले. आयुष्यात मी एकाच वेळी एवढं बोलले नसेन. शेवटी अनघाताई म्हणाल्या, “आपण पाणबुडी जरा आखूड करू या का?”

“आखूड कशाला?” मामा आणि किसनराव एकदम म्हणाले.

मग किसनरावांनी मला विचारलं, “शेपटीकडं काय ऱ्हातंय?”

“पंखा. ढकलणारा.”

“चालू हाय?”

“नाही. बंद आहे.”

“मंग राहू द्या.” ते धुऱ्यावर बसले, आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी शेपटीवर कुणाला पाय ठेवू दिला नाही.

एवढ्यात मामी चहाची किटली घेऊन आली. आम्ही पाणबुडीच्या पोटात उभे होतो. ती पांढऱ्या रेघेपाशी आली आणि थांबली. मग रेघेच्या कडेकडेने चालत नाकाकडे गेली, जिथे आम्ही दार दाखवायला दोन दगड ठेवले होते. तिथे तिने चपला काढल्या, पदर सावरला आणि आत आली.

“मामी, सरळ यायचं ना!” मी म्हटलं.

“भिंतीतून? दार ठिवलंय की तितं.”

त्यानंतर बघायला आलेलं सगळं गाव दारातून आलं आणि दारातून गेलं. टॉर्पेडोच्या खोलीबाहेर चपलांची रांग लागली. अनघाताईंनी तिचा फोटो काढला आणि म्हणाल्या की जगातल्या कुठल्याही पाणबुडीला इतका मान मिळाला नसेल.

आता सराव. मामाच्या रुमालाने माझे डोळे बांधले. डावा हात दोरीवर, उजवा अनघाताईंच्या दंडावर. त्या पुढे, मी मागे. थांबायचं असेल तर दंड दोनदा दाबायचा. मी दारात पाऊल टाकणार तोच मामीचा आवाज आला, “चपला, बाई!”

सोयाबीन कापलेल्या वावरात अनवाणी चालू नये, हे तिथलं लहान मूलही सांगेल. उभी धसकटं खिळ्यासारखी असतात. पण आतापर्यंत सगळ्यांनी चपला काढल्या होत्या, आणि माझ्यासाठी वेगळा नियम मागणं मला जमलं नाही. मी चपला काढल्या. बाकीचे डोळे उघडे ठेवून चालले होते, हे लक्षात आलं ते तिसऱ्या पावलाला.

धसकट टाचेत शिरलं. मी दंड दाबला नाही. अनघाताई फार सुरेख समजावत होत्या, की आता डावीकडे नळ्या आहेत, आता छत खाली येतंय, वाका. मी वाकले. पुढे आणखी एक शिरलं. म्हटलं, आता थोडंच राहिलंय. दुसऱ्या दारातून बाहेर आलो, रुमाल सोडला, आणि अनघाताईंनी विचारलं, “कसं वाटलं?”

“ठीक.”

त्यांनी खाली पाहिलं. मागच्या पांढऱ्या रेघेवर लाल ठसा होता.

“कधीपासून टोचतंय?”

“दारापासून.”

मामी हळद घेऊन धावली. “पायात धसकट घुसलंय आन् पोरगी गप!” शेपटीकडून किसनराव कौतुकाने म्हणाले, “लय गुनाची पोरगी हाय बगा. ब्र काढला न्हाई.”

अनघाताईंनी मला धुऱ्यावर बसवलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, “तिथे मला तुझा पाय दिसणार नाही, पूर्वा. तुझा चेहराही नीट दिसणार नाही. तू सांगशील तेवढंच मला कळणार. तीस मीटर पाणी डोक्यावर असताना मला गुणाची पोरगी नको आहे.”

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या काळजीत होत्या. मला पहिल्यांदाच स्पष्ट दिसलं की मी पाणबुडीला मुकणार आहे, आणि त्यात समुद्राचा काहीच दोष नसेल.

येलदरी

रविवारी येलदरीला निघालो तेव्हा गाडीत मामा, मामी आणि सिलिंडर तर होतेच, पण किसनरावही येऊन बसले. “आमची शेपटी हाय त्यात,” एवढंच कारण त्यांनी दिलं. मामा दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघत राहिला, पण त्याने सरकून जागा केली.

धरणाच्या भिंतीपासून बरंच लांब, मागे पसरलेल्या पाण्याच्या काठावर, विचारून-सवरून एक जागा ठरवली होती. पाऊसकाळ चांगला झाल्याने पूर्णा नदीचं पाणी तुडुंब होतं. काठाच्या बाभळी कमरेपर्यंत पाण्यात उभ्या. एवढं पाणी माझ्या जिल्ह्यात आहे, यावर माझा विश्वास बसेना. आमच्याकडे पाणी हा टँकरमधून येणारा पदार्थ आहे, असं मला लहानपणापासून वाटत आलं आहे.

पण काठावर आधीच मंडप असल्यासारखी गर्दी होती. मामाची दवंडी आमच्या आधी पोचली होती. नारळ, हार, आणि झाडाखाली दोरखंड बांधलेला एक ट्रॅक्टर.

“मामा, ट्रॅक्टर कशाला?”

“मोटार वढायला.”

मग कळलं. मामाचे स्नेही गणपतराव यांची पाण्याची मोटार. ते काठावरून शेताला पाणी घेतात. पाणी अचानक चढलं तेव्हा मोटार तराफ्यासकट खाली गेली होती. मामाने त्यांना शब्द दिला होता की आमची भाची पाणबुडीपर्यंत जाते, तुमची मोटार काय चीज आहे.

“केबल बाभळीला बांधलेली हाय,” गणपतराव सांगत होते. “करंट काढलाय, पेटीच सोडून ठिवली. केबल धरून गेलं की मोटारच. हुकाला दोरखंड लावला की आमी वढतो. तुमाला उचलायचं कामच न्हाई.”

अनघाताईंचे डोळे चमकले. केबल म्हणजे दोरी, मोटार म्हणजे पाणबुडी. यापेक्षा चांगला सराव कोणता? त्यांनी करंटची पेटी स्वतः जाऊन दोनदा तपासली. माझ्या सिलिंडरला हार घातला गेला. मामाने भाषण केलं. त्यातली भाची शूर होती, बोलकी होती, आणि तिने सातासमुद्रांखाली नाव काढलं होतं. मला तिला भेटायला आवडलं असतं. मी घाईने मास्क चढवला, कारण मास्क घातलेल्या माणसाला कुणी दोन शब्द बोलायला सांगत नाही.

पाण्यात उतरलो. समुद्रात उजेड निळा होत जातो. इथे तो आधी हिरवा झाला, मग तपकिरी, मग कोऱ्या चहासारखा, आणि मग राहिलाच नाही. टॉर्च लावला तर समोर नुसता उजळलेला गाळ. डाव्या हातात केबल, उजव्या हातात अनघाताईंचा दंड. कालच्यासारखंच, फक्त रुमाल नव्हता आणि तो सोडताही येणार नव्हता.

खाली, आणखी खाली. मग माझ्या मनगटावरून काहीतरी बारीक गेलं. धाग्यासारखं. मी हात हलवला, ते सुटलं. थोड्या वेळाने तेच, किंवा तसंच दुसरं, मानेमागे टाकीच्या तोंडाशी अडकल्यासारखं वाटलं आणि सुटलं. गवत असेल. बाभळीची मुळी असेल. सोडून दिलेलं मासे धरायचं जाळं असेल. आंधळ्या पाण्यातलं जाळं काय करतं, ते आम्ही शिकलो आहोत.

मला वाटलेली पहिली गोष्ट भीती नव्हती. ती होती: आता वरचे लोक काय म्हणतील. ट्रॅक्टर आलाय. हार घातलेत. मामाने शब्द दिलाय. आणि मोटार जवळच असणार. तिथे, त्या काळ्या चहात लटकून, मी मनातल्या मनात सगळ्यांची समजूत काढत होते, आणि माझा श्वास माझ्याच कानात धापा टाकत होता.

मी दंड दोनदा दाबला.

अनघाताई थांबल्या नाहीत. मला वाटतं, माझ्याकडून हे येईल अशी त्यांना सवयच नव्हती. त्यांनी मला थोडं पुढेच ओढलं. मी पुन्हा दाबला, या वेळी नखं रुतेपर्यंत, आणि माझा अंगठा वर करून त्यांच्या मास्कच्या काचेला टेकवला. वर. आता.

वर आलो तशा त्यांनी नळी तोंडातून काढली. “काय झालं?”

“हाताला काहीतरी लागलं. जाळं असेल.”

“होतं का जाळं?”

“माहीत नाही.”

“पूर्वा, केबल ताठ झाली होती. म्हणजे मोटार हाताशी होती. माझ्या हाताशी! एकदा जाऊन येऊ, लगेच.” त्या मला तपासत नव्हत्या. त्यांना खरंच मोटार हवी होती. त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता.

“नाही,” मी म्हणाले.

काठावरून आरोळी आली, “घावली का?”

“न्हाई घावली, परत जायल्यात!” मामाने परस्पर उत्तर दिलं.

“नाही मामा,” मी ओरडले. “जात नाही.”

 ट्रॅक्टरवाल्याने चालू केलेलं इंजिन तेवढं धडधडत होतं. मामा पाण्यात घोट्यापर्यंत उतरला. “बाई, एवढी मान्सं आल्यात. मी शब्द देऊन बसलो. एक डाव जाय, नुसता हात लावून ये. न्हाई निघाली तर न्हाई.”

“नाही.”

“आगं, पाच मिन्टं.”

“नाही, मामा.” माझा आवाज इतका चिरका निघाला की बाभळीवरचा बगळा उडाला. पण निघाला. “खाली काही दिसत नाही. मी जाणार नाही आणि अनघाताईंनाही एकटं जाऊ देणार नाही.”

आजवर मी मामाला भाजीसुद्धा नको म्हटलेली नाही. तो माझ्याकडे कुणी परकी बाई पाण्यातून निघाल्यासारखा बघत राहिला. गणपतराव समजूतदार होते. “राहू द्या दिगंबरराव. मोटार काय पळून जायलीय का? पानी उतरल्यावर दिसंलच.” पण ते दोरखंड गुंडाळत होते तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता, आणि ट्रॅक्टर रिकामा परत जाताना त्याचा आवाज मला फार मोठा वाटला. काठाला नाव लावून उभ्या असलेल्या एका कोळ्याला मी विचारलं, तिथे जाळी असतात का. “असत्यात बी, नसत्यात बी,” तो म्हणाला. त्याहून जास्त मला आजही माहीत नाही.

जेवण झाडाखाली झालं. धरणातला मासा, लाल रस्सा, ज्वारीची भाकरी. अनघाताईंनी माशाचं पोटभर कौतुक केलं, पण माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मामाही नाही. तो रस्सा वाढत माझ्यापर्यंत आला, थांबला, आणि शेजारी मान वळवून म्हणाला, “किसनराव, तिला म्हनाव, मासा घे.”

किसनरावांचा घास हातात राहिला. मग ते गंभीरपणे माझ्याकडे वळले. “पोरी, मासा घे म्हनत्यात.”

“त्यांना म्हणा, घेते,” मी म्हणाले.

वालूरपर्यंत घरातलं बोलणं असंच किसनरावांमार्फत चाललं. उतरताना मामा त्यांनाच म्हणाला, “तिला म्हनाव, परभनीला पोचली की फोन कर.” मग दोघं एकाच दिशेला चालायला लागले, तुरीच्या भावाबद्दल काहीतरी बोलत.

पुन्हा परभणी

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. अनघाताईंनी अंघोळ केली, आईच्या हातचा चहा घेतला आणि जेवणाच्या टेबलावर पाणबुडीचा नकाशा पसरला. मी समोर बसले. दोन दिवसांत एवढं गप्प कधी बसलो नव्हतो, आणि मला गप्प बसणं आवडतं हे मी आधीच सांगितलं आहे. हा अबोला मला आवडला नाही.

“मोटार खरंच हाताशी होती,” त्या शेवटी म्हणाल्या.

“असेल.”

“मला अजून राग येतोय.”

“येऊ दे,” मी म्हणाले, आणि माझे कान तापले.

त्यांनी पेन्सिल घेतली. नकाशावर पुढच्या दारातून आत जाणारी, नळ्यांसमोरून वळणारी रेघ होती. ती त्यांनी कितीतरी महिन्यांपूर्वी काढली होती. त्या रेघेसाठीच त्यांना ही पाणबुडी हवी होती, हे मला ठाऊक होतं.

“इथून आत,” त्या म्हणाल्या.

मला टाचेतली ठणक जाणवत होती. चहासारखं पाणी आठवत होतं. “ताई, या खेपेला मी आत येणार नाही. बाहेरून पूर्ण फेरी मारू. दारातून टॉर्च टाकून बघू. आत नाही.”

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग माझ्या भावाच्या कंपासमधलं रबर घेतलं आणि ती रेघ खोडली. सगळी नाही खोडली गेली, पुसट उरली. बाहेरून नवी रेघ काढली, नाकापासून शेपटीपर्यंत आणि परत.

“परत कधी फिरायचं?”

“मी म्हणेन तेव्हा. किंवा तुम्ही म्हणाल तेव्हा. जी आधी म्हणेल तिचं.”

“हं.” त्यांनी फोन उचलला. सोमवार उजाडायचा होता, पण पलीकडचा माणूस ओळखीचा असावा. “हो, दोन जागा पक्क्या करा. दोघी येतोय. आणि एक सांगून ठेवते, माझी जोडीदार फार हेकट आहे. ती वर चला म्हणाली की वर यावं लागतं, तुमची पाणबुडी हाताशी असली तरी. मागून तक्रार नको.”

शाळेच्या कुठल्याही प्रगतिपुस्तकात माझ्याबद्दल इतकं चांगलं कुणी लिहिलं नव्हतं. मी उठले आणि मामाला फोन लावला. किसनरावांनी उचलला.